कपाटामागची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. भिंतीवरची नव्हे आणि पुस्तकं ठेवायचीही नव्हे. जेवणाचं टेबल मधोमध ओढून लांब करता येतं ना, त्या फटीत बसवायची जी जास्तीची फळी असते, ती मी. टेबल एरवी चार माणसांचं. मी मध्ये बसले की सहांचं. खेळात आघाडीची फळी असते, तिचं नाव पेपरात छापून येतं. मी पडले कपाटामागची फळी. माझं नाव कोण घेणार? म्हणून आज स्वतःच बोलायला बसले आहे. शिवाय माझ्या डोक्यात फार गोंधळ झाला आहे आणि आत्ता घरात ऐकायला दुसरं कुणी नाही.

मला आणि टेबलाला एकाच सुतारानं एकाच झाडातून कापलं. तो सुतार म्हणजे या घरातल्या आईचे वडील. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी आम्हाला करायला घेतलं. माझ्या एका कडेला लाकडी खुंट्या आणि दुसऱ्या कडेला तेवढीच भोकं, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू मला घट्ट धरतील. काम झाल्यावर त्यांनी माझ्यावरून तळहात फिरवला आणि मुलीला म्हणाले, "हिला अंधारात डांबून ठेवू नकोस, बाळ. लाकूड उजेडात पिकतं. टेबल बाहेर आणि ही आत राहिली तर दोघांचा रंग वेगळा पडेल." मुलीनं मान डोलावली. आणि पहिल्याच आठवड्यात मला जुन्या चादरीत गुंडाळून कपाटाच्या मागे सारलं, कारण घर लहान होतं.

तिला मी दोष देत नाही. माझं आयुष्य त्यामुळे सोपं झालं. मी टेबलात असले की समजायचं, घरात पाहुणे आहेत. मी कपाटामागे असले की समजायचं, घरची माणसंच आहेत. पाहुणे आले की मला बाहेर काढायचे. "काय चपखल बसते बघा," असं म्हणून कुणीतरी माझ्यावर थाप मारायचं आणि मी फुशारून जायचे. जेवणं झाली, पाहुणे गेले, की फडक्यानं पुसून पुन्हा मागे. टेबल मात्र खिडकीजवळ राहिलं. त्याच्यावर ऊन पडलं, चहाच्या कपांचे गोल उठले, घरात मुलगी जन्माला आली तिनं पेन्सिलीनं नक्षी काढली. टेबल पिकून चांगलं गडद झालं. मी राहिले फिकटच. टेबलात बसवलं की जुन्या पँटला नव्या कापडाचं ठिगळ लावावं तशी दिसायचे. पुढे पुढे पाहुणेही कमी झाले आणि मला कुणी विचारेनासं झालं.

घरात माणसं तीन. आई चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून, कानामागे बोट घालून, "टोचत नाही ना?" असं विचारणं हे तिचं काम. घरीही ती सगळ्यांना तसंच जपून विचारते. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात आणि जगातली प्रत्येक गोष्ट लिफ्टच्या भाषेत सांगतात. मुलीला सगळे चिमणी म्हणतात, कारण ती गप्प बसत नाही. जेवणाआधी आई डोळे मिटून प्रार्थना म्हणते. बाबांना भूक लागलेली असते, म्हणून ते "आमेन" जरा लवकरच म्हणतात. चिमणी एक डोळा उघडा ठेवते. हे मला ठाऊक आहे, कारण टेबलात असताना मी खालून-वरून सगळं बघते.

एका रविवारी उपासनेहून तिघं घरी आली ती भांडत नव्हती, पण बोलतही नव्हती. मग बाबा म्हणाले, "हात तू वर केलास आणि खोली चिमणीची गेली."

झालं होतं असं, की चर्चमध्ये पाळकांनी विचारलं होतं. दूरच्या देशातून जीव वाचवून आलेली काही कुटुंबं शहरात आहेत, आसरा मागत आहेत, सरकारी वसतिगृहात जागा होईपर्यंत त्यांना कुणी एखादी खोली देईल का? आणि आईचा हात वर गेला होता.

"मी केला नाही, गेला," आई म्हणाली. "मी खाली बघत होते. चिमणीच्या बुटाची नाडी सुटली होती. मनात आलं, हिला असंच कुणी रातोरात उचलून परक्या मुलखात नेलं असतं, तर तिथल्या कुठल्या आईनं हात वर केला असता का? एवढं मनात येईपर्यंत माझाच हात वर होता."

"आता खाली कर म्हटलं तर होणार नाही," बाबा म्हणाले. "पण लिफ्टमध्ये लिहिलेलं असतं, किती माणसं चालतील ते. एक जास्त शिरला की घंटा वाजते. आपल्या घरात तशी घंटा नाही, एवढं लक्षात ठेव."

अशी ती माणसं आली. एक शिंपी, त्याची बायको आणि त्यांची लहान मुलगी. आमच्या घरात तिला छोटी म्हणू लागले. त्यांच्याजवळ दोन पिशव्या होत्या. चिमणीची खोली त्यांना दिली आणि चिमणी आईबाबांच्या खोलीत आली, गाल फुगवून. मला कपाटामागून काढलं. माझ्यावरची धूळ झटकून आईनं मला टेबलात बसवलं तेव्हा मला काय आनंद झाला सांगू. पाहुणे आले होते. मला माझं काम ठाऊक होतं.

पहिले काही दिवस सगळं बरं चाललं. शिंप्याला इथली भाषा थोडीफार येत होती, बायकोला जवळजवळ येतच नव्हती. ती कामाला हात लावायला गेली की आई म्हणायची, "नको नको, तुम्ही पाहुण्या, बसा." मग ती बसायची, अगदी खुर्चीच्या कडेला. प्रार्थनेच्या वेळी आईनं मान खाली घातली की तीही घालायची. त्यांचा धर्म वेगळा होता, तरी घालायची.

मग ती संध्याकाळ आली. आई प्रार्थना म्हणत होती आणि चिमणीनं एका डोळ्यानं छोटीकडे बघून नाक वाकडं केलं. छोटी खुदकन हसली. प्रार्थनेच्या ऐन मध्ये. तिच्या आईनं दचकून तिच्या तोंडावर हात दाबला. आमच्या आईनं डोळे उघडले आणि तिला दिसला फक्त तो हात, लेकराच्या तोंडावर घट्ट दाबलेला, आणि त्या बाईचे घाबरलेले डोळे.

आईनं त्या दिवशी ताट अर्धंच ठेवलं. नंतर ती बाबांना म्हणाली, "बघितलंस? ती माणसं आपल्याला घाबरतात. त्यांना वाटत असेल, जेवायला हवं तर आमच्या देवापुढे मान वाकवा, असं आपण म्हणतोय. मी त्यांना घर द्यायला निघाले आणि त्यांच्या ताटावर आपला देव ठेवला."

"मग काय करणार?"

"मनातल्या मनात म्हणेन. देवाला ऐकू येतं."

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना बंद झाली. म्हणजे आई मनात म्हणत होती, पण बघणाऱ्याला कसं कळणार? ताटं वाढली की सरळ जेवायला सुरुवात. शिंप्याच्या बायकोनं दोन दिवस ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं खुणेनं सांगितलं, आम्ही खोलीत जेवतो. आणि ताटं घेऊन तिघं आत गेली.

त्यानंतरची सकाळ मी विसरणार नाही. घरातले कामाला आणि शाळेत गेले होते, शिंपी भाषेच्या वर्गाला गेला होता. त्याच्या बायकोनं टेबल पुसलं, दोन्ही बाजू ओढल्या, मला अलगद बाहेर काढलं, चादरीत गुंडाळलं, कपाटामागे ठेवलं आणि टेबल पुन्हा आखूड केलं. मी बुचकळ्यात पडले. पाहुणे तर घरातच आहेत. मग मी कपाटामागे कशी?

संध्याकाळी आईनं आखूड टेबल पाहिलं. मला काढून तिनं पुन्हा टेबलात बसवलं. सकाळी त्या बाईनं मला काढलं. संध्याकाळी आईनं बसवलं. मित्रांनो, असं रोज होऊ लागलं. सकाळी मागे, संध्याकाळी पुढे. माझ्या खुंट्या झिजायची वेळ आली. दोघी एकमेकींना कधी एका शब्दानं विचारत नव्हत्या. एकीला वाटे, विचारलं तर दुसरीला लागेल. दुसरीलाही तसंच वाटे. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. इथे तर ती दोन्ही कुटुंबांचं मीठ खात होती.

कपाटामागची माझी जागा मोठी वाईट. एका बाजूला जेवणाची खोली, दुसऱ्या बाजूला भिंत आणि भिंतीपलीकडे चिमणीची खोली. मला दोन्हीकडचं ऐकू यायचं आणि कुणालाच काही सांगता यायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा असतो.

इकडे आई बाबांना सांगायची, "ती टेबल रोज आखूड करते. म्हणजे तिला आमच्याबरोबर बसायचंच नाही. प्रार्थना थांबवली तरी बसायचं नाही. आता मी आणखी काय थांबवू?" मग बाबा घरी नसताना ती एकटीच टेबलावर कोपर टेकून बसायची आणि म्हणायची, "प्रभू, तूच हात वर केलास ना माझा? मग पुढचंही सांग की. माझ्या पोरीला झोपायला नीट जागा नाही, ती माझ्यावर रुसलीय. ज्यांच्यासाठी हे केलं ती माणसं दार लावून जेवतात. मला त्यांचा रागही येतो, आणि राग आला म्हणून लाजही वाटते. यातलं तुला काय हवंय ते मला कळत नाही." उत्तर आलेलं निदान मी तरी ऐकलं नाही.

तिकडे भिंतीपलीकडे दुपारी शिंपी बायकोला इथली भाषा शिकवायचा. माणसं नव्या मुलखात "पाणी द्या" किंवा "रस्ता कुठे आहे" असं शिकतात. ही बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोकायची. "आम्हाला फार जागा लागत नाही. आम्हाला फार जागा लागत नाही." कधी "जागा" अडायचं, कधी "लागत" अडायचं. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. हा कसला धडा, मला काही कळेना. मग एकदा तिनं मला सकाळी टेबलातून उचललं आणि तेच वाक्य पुटपुटली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ती मला काढत होती ती घर मोठं व्हावं म्हणून. मी हलले की त्या खोलीत एका माणसाला उभं राहायची जागा होत होती, आणि तेवढीच जागा ती या घराला परत देत होती.

मला कळलं, पण मला कळून काय उपयोग?

खालच्या मजल्यावरच्या मावशी जिन्यात आईला गाठून म्हणाल्या, "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. तुमच्याकडे कुणाची गेलीय?" आई हसली, पण घरात आली ती पाय आपटतच.

आणि त्याच आठवड्यात आसरा मागणाऱ्यांना मदत करणाऱ्या संस्थेच्या ताईंचा फोन आला. या माणसांचं सगळं काम त्या बघत होत्या. फोन आईनं स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला होता, म्हणून मीही ऐकला. वसतिगृहात जागा झाली होती. पण ते वसतिगृह दुसऱ्या गावात, आणि तिथे पुरुष एकीकडे, बायका-मुलं दुसरीकडे. शिंप्याला वेगळं राहावं लागणार होतं. त्यांच्या आसऱ्याच्या अर्जावर सुनावणी होऊन निकाल लागेपर्यंत तुम्ही ठेवणार असाल तर ती इथेच एकत्र राहतील, ताई म्हणाल्या. निकालाला किती दिवस लागतील ते कुणालाच सांगता येत नाही. "शुक्रवारी येते. विचार करून ठेवा. नाही म्हणालात तरी कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

रात्रीची जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "मी नाही म्हणणार आहे."

बाबांनी मान वर केली. "छोटीचा बाप वेगळा राहील."

"माहीत आहे मला. पण त्यांना इथे राहायचंच नसेल तर मी कोणत्या तोंडानं अडवू? ते आपल्या टेबलावर बसत नाहीत रे. जिथे माणूस ताट घेऊन दार लावून घेतो, तिथे त्याला ठेवून घेणं हा आपला हट्ट झाला, दया नाही."

बाबांनी रिकामी ताटं एकावर एक ठेवली. मग म्हणाले, "तू सांगशील तसं. पण मला विचारशील तर घंटा अजून वाजलेली नाही."

शुक्रवारी आईनं दुकानातून सुट्टी घेतली होती. शिंप्याच्या बायकोला ते ठाऊक नव्हतं. ती नेहमीप्रमाणे आली, टेबल पुसलं, बाजू ओढल्या आणि मला उचललं. तेवढ्यात आई आतून बाहेर आली. दोघी थबकल्या. आईनं काही विचार न करता माझी दुसरी कड धरली. एक कड हिच्या हातात, एक तिच्या. कुणी ओढत नव्हतं आणि कुणी सोडतही नव्हतं. मी दोघींच्या मध्ये, अधांतरी.

"राहू द्या ना," आई म्हणाली. "रोज का काढता?"

त्या बाईनं श्वास घेतला. आणि घोकलेलं वाक्य, एकही शब्द न अडखळता, म्हणाली. "आम्हाला फार जागा लागत नाही."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे तिनं पाहिलं. मग आखूड होऊ घातलेल्या टेबलाकडे. तिच्या बोटांची पकड बदलली ती मला कळली.

"जागेसाठी?" ती म्हणाली. "तू हिला जागेसाठी काढत होतीस? आणि जेवायला आत का जाता?"

एवढं सगळं त्या बाईला समजलं नाही. "जेवायला" समजलं. तिनं मला आपल्या बाजूनं टेबलावर टेकवलं, दोन्ही हात जोडले, आई घालायची तशी मान खाली घातली, मग आईच्या ओठांकडे बोट दाखवलं. "छोटी हसली," ती म्हणाली. "तुझा देव... गेला. आमच्यामुळे."

आईनं माझी दुसरी कड टेबलावर टेकवली आणि ती खुर्ची ओढून बसली.

"अगं, देव कुठे जातोय," ती म्हणाली. "चिमणी रोज एक डोळा उघडा ठेवते. तिचे बाबा 'आमेन' म्हणायच्या आधी चमचा उचलतात. एवढं सोसून तो बसलाय आमच्याकडे. तो लेकराच्या हसण्यानं जाईल होय?" आणि मग तिला हसूही आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. "मला वाटलं, तुम्हाला आमची प्रार्थना नको आहे. म्हणून मी थांबवली. फक्त तुमच्यासाठी थांबवली."

त्या बाईला यातलं किती कळलं, कोण जाणे. पण तिनं आपल्या बाजूच्या खुंट्या भोकांना लावल्या आणि आईकडे पाहिलं. आईनं उठून पलीकडची बाजू ढकलली. मी बसले.

ताई आल्या तेव्हा आई म्हणाली, "राहू देत."

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण त्यानंतरच माझा खरा गोंधळ सुरू झाला. आईनं बाबांना त्याच दिवशी सांगितलं, "मी हो म्हणाले, आणि मला भीती वाटतेय." ती भीती काही गेली नाही. कधी गरम पाणी संपलं म्हणून ती चिडायची. छोटीनं चिमणीच्या वहीत रेघोट्या ओढल्या तेव्हा चिमणी म्हणाली, "यांना परत पाठव." आईनं तिला जवळ घेतलं, रागावली नाही, कारण तिच्याही मनात कधीकधी तेच यायचं. सुनावणीचं नाव निघालं की शिंपी उठून इस्त्री तापवायला घ्यायचा. त्याची बायको आता भाजी चिरायची आणि आई तिला "बसा" म्हणत नव्हती, "ती सुरी बोथट आहे, दुसरी घे" असं म्हणत होती. संध्याकाळी आई मोठ्यानं प्रार्थना म्हणायची, मग ती बाई आपल्या भाषेत दोन शब्द म्हणायची, आणि बाबा दोघींच्या आधी चमचा उचलायचे.

आणि मला कुणी काढलंच नाही. एक ऋतू गेला, दुसरा आला. खिडकीतलं ऊन माझ्यावर पडू लागलं. चहाच्या कपाचा एक गोल अर्धा टेबलावर आणि अर्धा माझ्यावर उठला. छोटीच्या हातून सांडलेलं तेल मी प्यायले. मी हळूहळू गडद होऊ लागले. माझा एकच नियम होता ना, मी बाहेर म्हणजे पाहुणे. आता मी रोजच बाहेर. मग हे पाहुणे आहेत की घरचे? आणि पाहुणा किती दिवसांनी घरचा होतो? सुताराला विचारलं असतं, पण ते आता नाहीत.

आज सकाळी सुनावणी होती. सगळ्यांना जायचं होतं. आईनं सुट्टी घेतली. बाबांना कामावरून फोन आला तेव्हा ते म्हणाले, "लिफ्ट बंद पडली तर लोक जिन्यानं जातील. आज मी नाही." शिंप्यानं रात्रीच सगळ्यांचे कपडे इस्त्री करून ठेवले होते, आमच्या चिमणीचेही. दारात बूट घालायची गर्दी झाली. चिमणी खाली वाकून छोटीच्या नाड्या बांधत होती आणि तोंडानं "हल्लीची पोरं काही शिकत नाहीत" असं म्हणत होती.

तेवढ्यात शिंप्याची बायको मागे वळली. पायात बूट घातलेले होते. तिनं टेबल पुसलं. मग दोन्ही हात माझ्या कडेला लावले, पूर्वीसारखे. मला कळलं. परत यायला मिळालं नाही तर हे घर होतं तसं सोडून जावं, असं तिच्या मनात होतं. पण माझी कड तिला चटकन सापडेना. तिनं बोटं पुढे-मागे फिरवली. फिकट पट्टा आता कुठे दिसतच नव्हता.

आई दारातून बघत होती. ती आत आली, तिनं सहा ताटं काढून टेबलावर उलटी मांडली, आणि त्या बाईचे हात माझ्यावरून उचलून आपल्या हातात घेतले.

"राहू दे," ती म्हणाली. "संध्याकाळी लागेल."

मग जिन्यावर पावलं वाजली आणि घर रिकामं झालं. तेव्हापासून मी तुमच्याशी बोलते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही कपाटामागे, पलंगाखाली, माळ्यावर माझ्यासारखी एखादी फळी असेल. तिला अंधारात डांबू नका. ओल्या फडक्यानं पुसलीत तर लगेच कोरड्यानं पुसा. आणि कुणासाठी तिला बाहेर काढलंत, तर त्या माणसाला मोकळेपणानं विचारा, काय हवं, काय नको. मनातल्या मनात ठरवू नका. हे मला कधीच सांगता आलं नसतं, म्हणून आज सांगून घेतलं.

ऊन आता खिडकीतून सरकत माझ्यावर आलं आहे. निकाल काय लागला, मला ठाऊक नाही. आसरा म्हणजे नक्की काय आणि तो द्यायचं कोण ठरवतं, हेही मला अजून कळलेलं नाही. पण आई संध्याकाळी लागेल म्हणाली आहे, म्हणून मी जागेवरच आहे.